विश्लेषण : म्हातारा कुत्रा मंदावला, की त्याला दुखतंय?

सिंदी (रेल्वे)सारख्या गावात कुत्र्याला कुणी 'सिनियर' म्हणत नाही. फाटक वाजले की धावत येणारा कुत्रा एक दिवस नुसती शेपटी हलवतो. दुसऱ्या हाकेला पुढचे पाय टेकून, मागचा भाग ओढत उठतो. ओट्याच्या तीन पायऱ्या चढण्याआधी थांबतो. घरातले म्हणतात, 'वय झालं त्याचं', आणि विषय तिथेच संपतो.

खरे तर विषय तिथे सुरू व्हायला हवा. म्हातारपण हा आजार नाही. मंदावलेल्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांना प्रत्यक्षात दुखत असते. त्यातले मोठे कारण म्हणजे सांध्यांची झीज, म्हणजेच ऑस्टिओआर्थ्रायटिस. झीज भरून येत नाही, पण दुखणे कमी करता येते आणि कुत्रा पुन्हा फिरता होऊ शकतो. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. लागते ते दुखणे ओळखणे, योग्य औषध आणि वर्धा जिल्ह्यातल्या उन्हाळ्याचा हिशेब.

कुत्रा म्हातारा कधी होतो?

'कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात' हे गणित सोपे आहे, पण चुकीचे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी १०४ लॅब्रॅडॉरच्या डीएनएवरील रासायनिक खुणा माणसांशी ताडून पाहिल्या आणि २०२० मध्ये नवे सूत्र मांडले. त्यानुसार एक वर्षाचा कुत्रा माणसाच्या साधारण ३१ वर्षांचा, चार वर्षांचा ५३ आणि बारा वर्षांचा ७१ वर्षांचा ठरतो. म्हणजे वय सुरुवातीला झपाट्याने धावते आणि पुढे हळू सरकते. हे सूत्र एकाच जातीवर बेतलेले असल्याने गल्लीतल्या गावठीला जसेच्या तसे लावता येत नाही.

व्यवहारात ठोकताळा असा : लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड सातव्या वर्षापासून वयस्क धरावेत, पॉमेरेनियनसारखे छोटे दहाव्यापासून. मध्यम अंगाचा गावठी आठ-नऊच्या सुमारास. मोठे कुत्रे लवकर म्हातारे होतात. २६/११च्या हल्ल्यात कामगिरी बजावलेले मुंबई पोलिसांचे मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चौघे निवृत्तीनंतर विरारच्या फार्मवर राहिले. २०१६ या एकाच वर्षात चौघेही गेले. शेवटचा सीझर ऑक्टोबरात गेला, तेव्हा तो ११ वर्षांचा होता.

या वयानंतर वर्षाऐवजी दर सहा महिन्यांनी तपासणी करावी. रेबीजची लस मात्र 'आता काय म्हाताऱ्याला' म्हणून थांबवायची नसते.

दुखतंय हे कळणार कसे?

कुत्रा दुखले की केकाटतो, हा समज सर्वाधिक नुकसान करतो. पायात काटा रुतला तर तो ओरडेल. महिनोन्‌महिने ठणकणाऱ्या सांध्यासाठी ओरडत नाही, तो फक्त वागणे बदलतो. बंडीत किंवा दिवाणावर उडी मारायचे सोडतो. एकाच सांध्याला चाटत राहतो. रात्री चार वेळा जागा बदलतो. मागच्या मांड्या बारीक होतात. चालणे कमी झाल्याने नखे झिजत नाहीत आणि फरशीवर टकटक वाजू लागतात. कमरेवर हात ठेवला की कधी न गुरगुरणारा गुरगुरतो आणि घरात 'म्हातारपणी चिडका झाला' असा शेरा मिळतो.

एक खूण फारशी माहीत नसते. आधी आवाजाला न घाबरणारा कुत्रा उतारवयात फटाक्यांना, ढोलांना दचकू लागला, तर त्यामागे सांधेदुखी असू शकते. दचकल्यावर अंग आखडते, आखडल्यावर दुखते आणि मग आवाज म्हणजेच दुखणे अशी सांगड बसते. सिंदीचा तान्हा पोळा जिल्ह्याबाहेरही प्रसिद्ध आहे. त्या दिवशीच्या गर्दीत आणि वाजंत्रीत घरचा म्हातारा कुत्रा कसा वागतो, हे पाहून ठेवण्यासारखे आहे.

इथे हातातला मोबाइल कामाचा ठरतो. दवाखान्यात पोहोचल्यावर भीतीने किंवा उत्साहाने कुत्रा लंगडणे विसरतो आणि डॉक्टरांना धडधाकट प्राणी दिसतो. म्हणून सकाळी झोपेतून उठतानाचा २० सेकंदांचा व्हिडिओ घ्यावा. दुसरा दूर चालत जाताना, तिसरा जवळ येताना आणि चौथा पायरी चढताना. महिन्याने तेच चार व्हिडिओ पुन्हा घेतले की औषध लागू पडले की नाही, हे अंदाजाने सांगावे लागत नाही.

घरातली गोळी का देऊ नये?

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच. आजोबांच्या गुडघ्यांसाठी आणलेली गोळी घरात असते. कुत्रा लंगडतो. अर्धी गोळी पोळीत घालून दिली जाते आणि दुसऱ्या दिवशी तो खरेच बरा चालतो. म्हणून पुन्हा दिली जाते. चार दिवसांनी काळी, डांबरासारखी विष्ठा, उलट्या, अन्नावरची वासना गेलेली.

आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटात व्रण करतात, रक्तस्राव घडवतात, मूत्रपिंडे निकामी करू शकतात. पॅरासिटामॉल यकृताला आणि तांबड्या रक्तपेशींना इजा करते. माणसाला चालते ते कुत्र्याला चालेलच असे नाही, कारण औषध शरीरातून बाहेर टाकण्याचा त्याचा वेग आणि मार्ग वेगळा आहे.

गोठ्यातले औषध वापरण्याचा मोहही तितकाच घातक. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचे मृतदेह खाऊन गिधाडे मेली आणि भारतात त्यांची संख्या कोसळली. त्यामुळे २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही आली.

पशुवैद्यक कुत्र्यांसाठी अनेकदा मेलॉक्सिकॅम लिहून देतात. हे औषध मेडिकलमध्ये माणसांसाठीही मिळते आणि घोटाळा तिथेच होतो. कुत्र्याचा रोजचा नेहमीचा डोस किलोमागे साधारण ०.१ मिलिग्रॅम असतो. म्हणजे १० किलोच्या गावठीला दिवसाला १ मिलिग्रॅम. माणसाची गोळी ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमची. अख्खी गोळी म्हणजे साडेसात ते पंधरा पट. अर्धी केली तरी हिशेब जुळत नाही. हे आकडे घरी डोस ठरवण्यासाठी नाहीत. वजन न करता, रक्ततपासणी न करता दिलेली गोळी किती चुकू शकते, ते दाखवण्यासाठी आहेत.

वेदनाशामक दीर्घकाळ द्यायचे असेल तर आधी मूत्रपिंड आणि यकृताची रक्ततपासणी हवी आणि ठरावीक काळाने पुन्हा हवी. गोळी अन्नासोबत द्यावी. स्टेरॉइडचे इंजेक्शन दिलेले असेल तर त्यावर लगेच वेदनाशामक गोळी चालत नाही. दोन्ही एकत्र आले की पोटातल्या व्रणाचा धोका वाढतो. एका डॉक्टरांनी इंजेक्शन दिले आणि दुसऱ्यांनी गोळी, असे गावाकडे सहज घडते. म्हणून आधीचा कागद सोबत न्यावा. कागद नसेल तर इंजेक्शनच्या बाटलीचा फोटो काढून ठेवावा.

सांध्यांसाठीच्या पूरक पावडरींबद्दल थोडक्यात : ग्लुकोसामाइनमागचा पुरावा कच्चा आहे. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ला त्यापेक्षा बरा आधार आहे. दोन्ही औषधाची जागा घेत नाहीत.

४५ अंशांत म्हाताऱ्याने काय करायचे?

कुत्र्यांवरचे बहुतेक सल्ले थंड देशांतून आलेले असतात. 'दुपारी छान फेरी मारा' हे लंडनमध्ये ठीक. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि नवतप्यात माणूसही दार उघडत नाही. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास फक्त पंजांच्या गादीतून. बाकी सारा भार धापेवर. म्हाताऱ्या कुत्र्याचे हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड आधीच थकलेले असतात, म्हणून त्याला उष्माघात लवकर होतो. लॅब्रॅडॉरसारख्या मोठ्या कुत्र्यांत उतारवयात स्वरयंत्राचा पक्षाघातही होतो. भुंकणे घोगरे होते, श्वास घेताना घरघर ऐकू येते. असा कुत्रा धापून शरीर थंड करू शकत नाही. त्याला उन्हाळ्याआधीच डॉक्टरांना दाखवावे.

फिरण्याची वेळ घड्याळावर नव्हे, रस्त्यावर ठरते. हाताची मागची बाजू सिमेंट रस्त्यावर सात सेकंद टेकवावी. चटका बसला तर पंजालाही बसणार. सूर्य मावळला तरी सिमेंट बराच वेळ तापलेले राहते. त्यामुळे पहाटेची फेरी सर्वांत चांगली आणि शक्य तिथे ती कच्च्या रस्त्याने किंवा धुऱ्याच्या कडेने.

दुपारी कुत्रा कूलरसमोर जाऊन झोपतो. ते ठीक, पण दोन गोष्टी पाहाव्यात. कूलरमधून झिरपलेल्या पाण्यात तो लोळत असेल, तर ओल्या, कडक फरशीवरून संध्याकाळी उठताना तो आखडतो. दुसरी गोष्ट जिवाची आहे. कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. लोखंडी कूलर, ओली फरशी आणि त्याला टेकून झोपलेला कुत्रा. अर्थिंग तपासून घ्यावे आणि मध्ये अंतर राहील अशी आडोशाची सोय करावी.

उष्माघाताची लक्षणे : न थांबणारी धाप, चिकट लाळ, लालभडक हिरड्या, तोल जाणे. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ४१च्या वर गेले की आणीबाणी. अशा वेळी आधी थंड करावे, मग दवाखाना गाठावा. अंगावर पाणी ओतत राहून पंख्याचा वारा द्यावा. ओले पोते गुंडाळून ठेवू नये, त्याने उष्णता आतच कोंडते. आणखी एक अगदी इथली सूचना : दुपारी छतावरच्या टाकीच्या नळाला गरम पाणी येते. ते ओतून उपयोग नाही. माठातले किंवा हौदातले पाणी घ्यावे.

प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यापासून म्हाताऱ्या कुत्र्याला दूर ठेवावे. तहानेने तो उतरतो, पण निसरड्या कडेवरून त्याला वर येता येत नाही. काठाला दोर किंवा जाळी बांधून सोडली असेल तरच काही आशा.

मग फिरवायचे की पडू द्यायचे?

फिरवायचेच. सांध्याला आधार स्नायूंचा असतो आणि पडून राहिल्याने आधी स्नायू जातात. मात्र प्रमाण बदलते. एक तासाची एक फेरी नको. दहा-पंधरा मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्या, त्याही रोज सारख्याच. आठवडाभर घरात आणि रविवारी मुलगा नागपूरहून आला की तासभर शेतात पळापळ, हा प्रकार सोमवारी कुत्र्याला उठू देत नाही. फेरीनंतर किंवा दुसऱ्या सकाळी तो जास्त लंगडला, तर फेरी लांब झाली असे समजून पुढच्या वेळी पाच मिनिटे कमी करावीत.

फेरीत त्याला वास घेऊ द्यावा. खांबापाशी तीन मिनिटे थांबला तर ओढू नये. त्याच्यासाठी तोच पेपर असतो. पावसाळ्यात किंवा भर उन्हाळ्यात बाहेर पडता येत नसेल, तर जुन्या पोत्याच्या घड्यांत खाण्याचे चार तुकडे लपवून शोधायला लावावे. एका जागी पाच वेळा बसून उठणे हाही मागच्या पायांचा चांगला व्यायाम आहे.

घरातला मोठा शत्रू म्हणजे गुळगुळीत टाइल्स. पाय फाकले की दुखऱ्या कमरेला हिसका बसतो आणि मग कुत्रा भिंतीला धरून चालतो किंवा पाण्यापर्यंत जाणेच टाळतो. अंथरुणापासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत सतरंजी, पायपोस किंवा गोठ्यासाठी मिळणारी रबरी मॅट टाकली की फरक त्याच दिवशी दिसतो. वाढलेली नखे कापावीत, पंजातले केस छाटावेत. झोपायला गादी जाड हवी. कापसाची असेल तर मधूनमधून उन्हात टाकून सारखी करावी, नाहीतर गाठोळ्या होतात. थंडीत आखडणे वाढते. तेव्हा गोधडी आणि वाऱ्यापासून आडोसा.

ताटातले उरलेले चालेल का?

सांधेदुखीवरचे सर्वांत स्वस्त औषध म्हणजे वजन कमी ठेवणे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरवर १४ वर्षे चाललेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अर्ध्या कुत्र्यांना त्यांच्या भावंडांपेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले. ती सडपातळ कुत्री मध्यमानाने १.८ वर्षे जास्त जगली आणि त्यांच्यात सांधेदुखी उशिरा आली.

वजनकाटा नसेल तर हात पुरतो. आपल्या हाताच्या पाठीवर बोटे फिरवावीत. कुत्र्याच्या फासळ्या तशा लागल्या तर वजन योग्य. तळहातासारख्या, म्हणजे मांसात दडलेल्या लागल्या तर जाड. मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचल्या तर बारीक, आणि म्हाताऱ्यात न सांगता झालेला बारीकपणा तपासायलाच हवा.

दूध-पोळी हे आपल्याकडचे ठरलेले जेवण. त्यात प्रथिने अपुरी आणि अनेक मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही. उकडलेले अंडे, बिनहाडांचे उकडलेले चिकन, भात, थोडे दही हे बरे. सावजी रस्सा त्याला देऊ नये. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो आणि तर्रीचे तेल स्वादुपिंडाला सूज आणू शकते. शिजवलेली हाडे, मनुका, चॉकलेट हेही नको. तोंडाला घाण वास येऊन तो एकाच बाजूने चावत असेल तर दात तपासावेत.

पाणी मात्र मोजावे. एका लिटरच्या बाटलीने भांडे भरावे, एवढेच. साधारण दिवसात कुत्रा किलोमागे ५०-६० मिलिलिटर पितो. उन्हाळ्यात जास्त. थंडीतही १५ किलोचा कुत्रा दीड लिटरच्या पुढे जात असेल तर मूत्रपिंड किंवा मधुमेहाची तपासणी हवी. नसबंदी न झालेली मादी माजानंतरच्या एक-दोन महिन्यांत खूप पाणी पिऊ लागली, सुस्त झाली, तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता असते. त्यात थांबायला वेळ नसतो. घरात लघवी होते म्हणून पाणी बंद करणे हा उपाय कधीच नाही.

रात्री रडतो, तो अपशकुन?

कुत्रे रडले की कुणीतरी जाणार, ही समजूत अजून जिवंत आहे आणि तिचा फटका म्हाताऱ्या कुत्र्यालाच बसतो. रात्री उठून भिंतीकडे पाहत राहणे, कोपऱ्यात अडकणे, ओळखीच्या माणसावर भुंकणे, दिवसा झोपून रात्री येरझाऱ्या घालणे ही मेंदूच्या वार्धक्याची, माणसातल्या विस्मृतीसारखी लक्षणे असू शकतात. कधी साधे बहिरेपण किंवा दुखणे असते, कधी त्याला फक्त लघवीला जायचे असते. झोपण्याआधी बाहेर नेणे, मंद दिवा ठेवणे, खाटांची जागा न बदलणे याने रात्री शांत होतात. डोळ्यांतली निळसर झाक अनेकदा वयाची असते आणि तिने फारसे अडत नाही. पांढरा, दुधाळ डाग मोतीबिंदू असू शकतो.

याच टप्प्यावर काही कुत्री दूरच्या शेतात किंवा स्थानकावर 'सोडून' दिली जातात. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये. ही रक्कमही १९६०चीच राहिली आहे.

दाखवायचे कुठे?

सुरुवात जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून करता येते. १९६२ या टोल-फ्री क्रमांकाची सेवा मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, तरी मार्गदर्शनासाठी फोन करून पाहायला हरकत नाही. पुढच्या तपासण्यांसाठी वर्ध्याचे जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय किंवा सेमिनरी हिल्सवरचे नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय. १९५८ पासूनच्या या महाविद्यालयात एक्स-रे, रक्ततपासणी आणि शस्त्रक्रिया विभाग एकाच आवारात मिळतात.

नागपूरला जायचे तर सिंदीकरांना पहिली आठवण रेल्वेची येते. पण स्लीपर आणि साध्या डब्यात कुत्रा नेता येत नाही. नियमाने तो एकतर फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे आरक्षित करून किंवा गार्डच्या डब्यातल्या पेटीतून जातो. उन्हाळ्यात म्हाताऱ्या कुत्र्याला त्या पेटीत घालू नये. दोन-तीन घरांनी मिळून पहाटे गाडी करणे परवडते. सोबत चार व्हिडिओ, औषधांचे फोटो, पाण्याचा हिशेब आणि सकाळच्या लघवीचा स्वच्छ डबीत घेतलेला नमुना ठेवावा.

कधी तपासणीअंती आणखी काही करण्यासारखे उरत नाही. कुत्रा उठू शकत नाही, खात नाही, औषधानेही दुखणे थांबत नाही. तेव्हा दयामरणाचा पर्याय पशुवैद्यकाशी मोकळेपणाने बोलावा. आधी गुंगीचे आणि मग भुलीच्या औषधाचे जास्तीचे इंजेक्शन दिले जाते. काही मिनिटांत, झोपेतच सारे संपते. घरातले एखादे ओळखीचे माणूस तोवर त्याच्याजवळ बसू शकते.